इन्फ्लुएंझा महासाथीची पूर्वतयारी

बहुतेकांच्या शरीराला अपरिचित असा इन्फ्लुएंझाचा नवा विषाणू माणसांत सहज पसरू लागला की महासाथ येते. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ साली ती आली. पुढची केव्हा येईल हे सांगता येत नाही. तयारी करताना जुन्या साथींतले कोणते धडे फ्लूला लागू पडतात, हे आधी पारखावे लागते.

२००३ची सार्सची (कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या गंभीर श्वसनरोगाची) साथ रुग्णांचे विलगीकरण आणि संपर्कशोध यांनी आटोक्यात आली. सार्सचा रुग्ण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वाधिक संसर्ग पसरवी, त्यामुळे त्याला गाठायला वेळ मिळे. फ्लूमध्ये लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीच संसर्ग सुरू होतो आणि तीनेक दिवसांत पुढचा माणूस आजारी पडतो. संपर्कांची यादी हाती येईपर्यंत ती जुनी झालेली असते. म्हणून शोधपथकातली माणसे रुग्णसेवेकडे कधी वळवायची, हे आधीच ठरलेले हवे.

सार्सचा खरा धडा रुग्णालयांसाठी आहे. सुमारे ८,१०० रुग्णांपैकी जवळजवळ एकपंचमांश आरोग्य कर्मचारी होते. एन-९५ मास्कची खोकी भरून ठेवणे पुरेसे नाही. तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर घट्ट बसतो का, हे तपासावे लागते. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. घोटाळा बहुधा ही संरक्षक साधने उतरवताना होतो. आधी हातमोजे, मग चष्मा, मग गाऊन आणि खोलीबाहेर आल्यावर शेवटी मास्क. तोही पुढून न धरता, खालचा पट्टा आधी व वरचा नंतर काढून. लगेच हात धुवायचे. दमलेला माणूस हा क्रम चुकतो, म्हणून तो सरावाने अंगवळणी पडलेला हवा.

कोविडने ऑक्सिजनचा हिशेब शिकवला. मिनिटाला १० लिटर लागणारा एक रुग्ण दिवसाला १४,४०० लिटर वापरतो. ७,००० लिटरचा सिलिंडर बारा तासही पुरत नाही. नुसत्या खाटा मोजून केलेली योजना इथेच कोलमडते.

ओसेल्टामिवीर हे फ्लूवरचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. गंभीर रुग्णाच्या बाबतीत तपासणी अहवालाची वाट पाहू नये.

लस उशिरा येते. २००९चा विषाणू एप्रिलमध्ये ओळखला गेला. अमेरिकेत लसीकरण ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. मधले महिने गर्दी टाळूनच काढावे लागतात. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबरची प्रचंड मिरवणूक होऊ दिली. तिथल्याच सेंट लुईस शहराने रुग्ण दिसू लागताच शाळा आणि नाट्यगृहे बंद केली, आणि तिथला मृत्युदर बराच कमी राहिला. निर्बंध सैल केल्यावर मात्र तिथेही साथ पुन्हा उसळली.