नान्सेन आणि आर्मेनियन निर्वासित : पासपोर्टच्या पुढची गोष्ट

फ्रिट्यॉफ नान्सेन आपल्याकडे माहीत असतात ते ध्रुवप्रवासी म्हणून. नॉर्वेच्या या संशोधकाने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केले. १८९५ मध्ये, बर्फात अडकवलेले ‘फ्राम’ जहाज मागे ठेवून, ते एका सोबत्यासह ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेपर्यंत गेले. त्याआधी तिथवर कोणीच पोहोचले नव्हते. आर्मेनियन माणूस त्यांचे नाव घेतो ते मात्र बर्फामुळे नव्हे.

२४ एप्रिल १९१५ ला ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या राजधानीत आर्मेनियन विचारवंतांची आणि पुढाऱ्यांची धरपकड झाली. मग गावेच्या गावे रिकामी करून लोकांना सीरियाच्या वाळवंटाकडे, देर एझ-झोरच्या दिशेने हाकलले गेले. लाखो माणसे वाटेत मारली गेली किंवा उपासमारीने गेली. वाचलेले अलेप्पो, बैरूत, ग्रीस असे जिथे जागा मिळेल तिथे टेकले. पहिल्या महायुद्धातल्या विजेत्या राष्ट्रांनी ऑटोमन साम्राज्याशी केलेल्या १९२० च्या सेव्हर तहाने त्यांना स्वतंत्र आर्मेनियाचा शब्द दिला होता. त्याच्या जागी आलेल्या १९२३ च्या लोझान तहात आर्मेनियाचा नामोल्लेखही नाही. मला ही गोष्ट कत्तलीइतकीच लाजिरवाणी वाटते.

परतीची वाट बंद आणि हातात कुठल्याच देशाचा कागद नाही. राष्ट्रसंघाचे (लीग ऑफ नेशन्सचे) निर्वासितविषयक उच्चायुक्त असलेल्या नान्सेन यांनी १९२२ मध्ये रशियन निर्वासितांसाठी एक ओळखपत्र सुरू केले होते. लोक त्याला ‘नान्सेन पासपोर्ट’च म्हणत. ३१ मे १९२४ पासून ते आर्मेनियन लोकांनाही मिळू लागले. त्याने नागरिकत्व मिळत नसे, पण सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यापुढे निदान नाव, गाव सांगता येई. सुरुवातीला एक मोठी उणीव होती : ज्या देशाने तो दिला, तो धारकाला परत घ्यायला बांधील नव्हता. १९२६ मध्ये परतीच्या व्हिसाची शिफारस झाली.

कागदाने पोट भरत नाही, हे नान्सेन जाणून होते. म्हणून जून १९२५ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते स्वतः सोव्हिएत आर्मेनियात गेले. सोबत इंग्रज, फ्रेंच आणि इटालियन तज्ज्ञ होते. येरेवानजवळचे सरदाराबादचे कोरडे पठार त्यांनी पाहिले. कालव्याने पाणी आणले तर हजारो निर्वासितांना तिथे शेती देता येईल, असा हिशेब त्यांनी मांडला. मदतीच्या शिध्यावर जगणाऱ्यांना स्वतःची जमीन, ही त्या काळात फार पुढची कल्पना होती. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कर्ज हवे होते, आणि ते मागत नान्सेन जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे वर्षानुवर्षे उभे राहिले. बड्या राष्ट्रांनी सहानुभूती दाखवली आणि हात आखडता घेतला. १९२९ मध्ये राष्ट्रसंघाने योजना सोडून दिली.

१३ मे १९३० ला नान्सेन गेले. त्यांच्या नावाने निघालेल्या नान्सेन आंतरराष्ट्रीय निर्वासित कार्यालयाने पुढे सुमारे १०,००० आर्मेनियन लोकांना येरेवान परिसरात आणि ४०,००० जणांना सीरिया-लेबनॉनमध्ये वसवले.