तळे (गोड्या पाण्याची परिसंस्था)

तळे : जमिनीच्या खोलगट भागात साचलेला, उथळ आणि न वाहणारा गोड्या पाण्याचा साठा. तळे कुठे संपते आणि तलाव कुठे सुरू होतो याची ठाम रेषा नाही. साधारण दोन हेक्टरांपर्यंतचा आणि तळापर्यंत उजेड पोचेल इतका उथळ साठा म्हणजे तळे, असे मानतात. यातली दुसरी अट खरी महत्त्वाची. उजेड तळाला टेकला की मूळ धरणारी वनस्पती काठापासून मध्यापर्यंत कुठेही वाढू शकते आणि पाणी, गाळ, वनस्पती व प्राणी यांचे व्यवहार तळ्यात सगळीकडे एकमेकांत गुंततात.

कोल्हापूर परिसरातील तळी

जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरत जातो. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळकडे जेमतेम पाचशे. त्यामुळे तळ्यांची जातही बदलते.

पश्चिमेच्या जांभ्याच्या सड्यांवर, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या ठिकाणी, खडकाच्या खळग्यांत जूनमध्ये पाणी साचते आणि दिवाळीनंतर आटत जाते. ही सर्वांत अस्सल नैसर्गिक तळी. पण बारमाही नसल्यामुळे त्यांना तळे म्हणायलाही लोक कचरतात. त्यांचे आटणे हाच त्यांचा गुण आहे. वर्षातले काही महिने कोरडे गेल्याने बहुतेक खळग्यांत मासे टिकत नाहीत. मासे नसल्याने बेडकांची पिल्ले आणि परीकोळंबीसारखे नाजूक कवचधारी जीव वाढतात. परीकोळंबीची अंडी सुक्या मातीत कित्येक वर्षे तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. सीतेची आसवे, गेंद आणि काही सड्यांवर उत्तर सह्याद्रीबाहेर न आढळणारा वायतुरा याच पाण्यात फुलतो. बारमाही पाण्यासाठी अशा खळग्याला बांध घातला किंवा तो खोल केला, तर हे सगळे जाते आणि त्या जागी एक साधा हौद उरतो.

नदीकाठच्या मळईतल्या खोलगट जागा पंचगंगेच्या पुराने भरतात. दर पुराला नदीचे मासे आत येतात, पाणी ओसरल्यावर अडकतात आणि पुढचे आठ महिने बगळ्यांचे व खंड्यांचे पोट भरतात.

शहरातली तळी बहुतांशी माणसाचा हात लागलेली. रंकाळा मूळचा दगडाच्या खाणीचा, असे सांगितले जाते. त्याच्या शेजारची इराणी खण तर नावातच खण आहे. कात्यायनीच्या डोंगराकडून उतरणारे पाणी अडवून झालेला कळंबा आणि कोटीतीर्थ हेही शहराच्या ओळखीचे. जन्म कसाही झाला असो, पन्नास-शंभर वर्षे पाणी टिकले की गाळ, लव्हाळा आणि कीटक मिळून नैसर्गिक तळ्याचेच नियम लागू करतात, म्हणून पुढील विवेचन दोन्हींना लागू आहे. जी तळी बुजली त्यांची आठवण जमीन ठेवते. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. पण खोलगटपणा गेला नाही, म्हणून पावसाळ्यात मैदानात पाणी साचतेच.

पहाटेचा प्राणवायू

तळ्याची तब्येत दुपारी कळत नाही, पहाटे कळते. 30 अंश सेल्सिअसच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; कोल्हापूरच्या उंचीला सात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती त्यात भर घालतात, इतकी की हिरव्यागार पाण्यात दुपारी हा आकडा दहाच्या पुढेही जातो. सूर्य मावळला की भर थांबते आणि श्वास मात्र सगळ्यांचाच चालू राहतो: मासे, गोगलगायी, गाळातले जिवाणू आणि दिवसा प्राणवायू देणारे तेच शेवाळ. सूर्योदयाच्या आधीच्या तासाला पातळी सर्वांत खाली असते. ती तीन मिलिग्रॅमच्या खाली गेली की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वर करून हवा घेतात. रोहू, कटला आधी मरतात. मरळ हवेतून थेट श्वास घेऊ शकते, म्हणून ती शेवटपर्यंत टिकते. ‘तळ्यात मरळ आहे’ म्हणजे पाणी चांगले, हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. पाणी कोमट असले की एका अंशाने घनतेत पडणारा फरक फार तीव्र होतो: 24 आणि 25 अंशांमधला फरक 4 आणि 5 अंशांमधल्या फरकाच्या सुमारे तीसपट असतो. म्हणून दोन मीटर पाण्यातही वरचा तापलेला थर आणि खालचा थंड थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपून जातो. मग एखाद्या संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस येतो. थंड, जड पाणी खाली बसते, तळाचे कुजके पाणी उसळून वर येते, शिवाय ओढ्यातून महिन्यांची घाण वाहत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पोटांनी मासे तरंगताना दिसतात आणि कुणीतरी विष टाकले अशी आवई उठते. क्वचित ते खरेही असते. पण फक्त मोठे मासे मेले, लहान जगले आणि घटना पहिल्या पावसानंतरची असेल, तर आधी प्राणवायूचा संशय घ्यावा. विषबाधेत सहसा लहानमोठे, किडेसुद्धा, एकदम जातात.

काठ

तळ्याचे बहुतेक जीवन गुडघाभर पाण्यात असते. बाहेरून आत येताना लव्हाळा, नागरमोथा आणि पाणकणीस. मग पाने तरंगती आणि मुळे गाळात असलेली कमळ-कुमुदे. त्यापुढे पाण्यात बुडालेली हायड्रिलासारखी शेवाळवजा वनस्पती. कमळाच्या कंदात जी भोके दिसतात ती भाजीच्या नक्षीसाठी नाहीत. पानाने घेतलेली हवा त्या नळ्यांतून प्राणवायू नसलेल्या गाळातल्या मुळांपर्यंत जाते.

पाणकणसाचा एखादा देठ जून-जुलैत पहाटे जवळून पाहावा. पाण्याच्या वर वीतभर अंतरावर एक पोकळ, तपकिरी, पाठीवर उसवलेली कात पकड घट्ट धरून लटकत असते. ती चतुराची. याच किड्याने पाण्याखाली असताना घडी घातलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या कितीतरी अळ्या पकडलेल्या असतात. डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, चतुराच्या अळीला काही महिनेही लागू शकतात. म्हणून म्हशीच्या खुरांच्या ठशात साचलेले पाणी डास वाढवते, आणि जुने, झाडीचे तळे डास आटोक्यात ठेवते. डासांच्या भीतीने काठची झाडी साफ करणे म्हणजे डासांचे शत्रू हाकलून देणे.

देठांच्या बुळबुळीत थरावर गोगलगायी चरतात. पाणपिसवा (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव) दिवसा याच झाडीत लपतात आणि रात्री उघड्या पाण्यात जाऊन सूक्ष्म शेवाळ खातात; पाणी नितळ ठेवणाऱ्या खऱ्या कामगार त्याच. टिबुकलीचे घरटे पाणवनस्पतीला बांधलेले तरंगते असते, कमळपक्षी पानांवरच अंडी घालतो, वारकरी आणि पाणकोंबडी काठच्या दाटीत. सौंदर्यीकरणाच्या नावाखाली काठ उभा कापून दगडी भिंत बांधली की हा सगळा पट्टा एका फटक्यात नाहीसा होतो. तळे तेवढेच भरलेले दिसते. त्यात राहणारे कुणी नसते.

स्फुरदाचा हिशेब

तळे हिरवे होण्याचे कारण बहुधा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. लिटरमागे 0.03 मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर शेवाळाचा जोर सुरू होतो. एक हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी एक मीटर खोल तळ्यात एक कोटी लिटर पाणी असते. त्यात हे प्रमाण गाठायला फक्त 300 ग्रॅम स्फुरद लागते. डीएपी या रासायनिक खताच्या 50 किलोच्या पोत्यात सुमारे दहा किलो स्फुरद असते. म्हणजे वरच्या उसाच्या मळ्यातून दीड किलो खत वाहून आले तरी पुरे. एका माणसाच्या मैल्यातून दिवसाला दीड-दोन ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. एकाच घराचे उघडे गटार तळ्याचे वर्ष बिघडवू शकते. एक किलो स्फुरदावर सुमारे 500 किलो ओले शेवाळ वाढते.

आलेले स्फुरद गाळात लोहाला चिकटून बसते आणि वर प्राणवायू असेपर्यंत तिथेच राहते. तळाचा प्राणवायू संपला की ते सुटते. म्हणून नाला वळवल्यानंतरही तळे चार-सहा वर्षे हिरवेच राहू शकते आणि लोक म्हणतात, काही फरक पडला नाही. विसर्जनाचा प्रश्नही इथेच जोडलेला आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे सल्फेट. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू करतात. तो लोहाला धरून ठेवतो आणि मग स्फुरदाला धरायला लोह उरत नाही. मूर्ती विरघळत नाही एवढाच आक्षेप घेऊन हा विषय सोडून देता येत नाही. रंकाळ्याऐवजी इराणी खणीत विसर्जन करण्याचा आणि मूर्तिदानाचा कोल्हापूरकरांनी स्वीकारलेला मार्ग त्यामुळे योग्यच आहे. शाडूत सल्फेट नाही, पण तीही माती आहे. शेकडो मूर्ती लहान तळ्यात गेल्या तर गाळच वाढतो.

शेवाळ मारायला मोरचूद टाकू नये. शेवाळ एकदम मरते, कुजताना पहाटेचा प्राणवायू खाऊन टाकते आणि निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींत विष असेल तर ते पाण्यात सुटते. कारंजी दिसायला चांगली. खालचा थर ढवळला जात नसेल तर त्यांचा उपयोग थोडा.

केंदाळ

जलपर्णी, कोल्हापुरी बोलीत केंदाळ, मूळ दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यावर ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणजे मागे राहिलेली दहा रोपे तीन महिन्यांत सहाशेवर जातात. पाण्यावर तिची चादर पसरली की उजेड आणि वारा दोन्ही तुटतात, बुडालेल्या वनस्पती मरतात. काढायचे तर फुलावर येण्याआधी आणि वाऱ्याने एका बाजूला लोटली जाते तेव्हा, त्या काठावरून. काढून काठालाच ढीग लावला तर पहिल्या पावसात सगळा रस परत आत जातो. शेकडा नव्वदहून अधिक पाणीच असल्याने दोन-तीन दिवस उन्हात सुकवून मग वाहतूक करावी. शेणाबरोबर थर देऊन तीन महिन्यांत खत होते. सांडपाण्याच्या तळ्यातले खत भाजीपाल्याला न देता बागेतल्या झाडांना द्यावे, कारण केंदाळ जड धातू शोषते.

महत्त्व

2005, 2019 आणि 2021 सालच्या महापुरांसारखे पाणी तळी अडवू शकत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. तो धरणांचा आणि नदीपात्राचा प्रश्न आहे. पण गल्लीत आणि वस्तीत साचणारे पाणी तळ्यांमुळेच कमी होते. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर. मीटरभर रिकामे असलेले एक हेक्टरचे तळे असे दहा हेक्टरांचे पाणी थोपवते. पुढे हेच पाणी मुरमातून झिरपून आसपासच्या विहिरींना जाते. 2017 च्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले साठे वगळलेले आहेत. परिसरातल्या अनेक तळ्यांना त्यामुळे कायद्याचे थेट कवच मिळत नाही, आणि म्हणून महसुली नोंदीत तळे ‘तळे’ म्हणून लिहिलेले असणे फार मोलाचे ठरते.

निगा

प्रथम पाणी पाहावे. 20 सेंटिमीटर व्यासाची थाळी चार भागांत आलटून पालटून काळी-पांढरी रंगवावी, खाली वजन आणि वर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी बांधावी. दुपारच्या सुमारास सावलीच्या बाजूने सोडून ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यावी. त्याच्या सुमारे दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंत वनस्पतीला पुरेल इतका उजेड जातो. थाळी 30 सेंटिमीटरलाच हरवत असेल तर रंग पाहावा: हिरवा असेल तर दोष खताचा किंवा सांडपाण्याचा, तपकिरी असेल तर मातीचा किंवा तळ उकरणाऱ्या सायप्रिनस माशांचा.

गाळ काढायचा तो एप्रिल-मेमध्ये, आणि एका वर्षात सगळा नव्हे. एक-तृतीयांश भाग हात न लावता ठेवला तर बिया, अंडी आणि गोगलगायी तिथून पसरतात. पोकलेनच्या चालकाला काळा गाळ कुठे संपतो आणि पिवळसर चिकणमाती कुठे लागते हे आधी खड्डा घेऊन दाखवावे. चिकणमातीचा थर फोडून मुरूम उघडा पडला तर तळे पाणी धरत नाही, आणि ‘खोल केले तरी आटते’ अशी तक्रार येते. काठाचा उतार चारास एक (चार मीटर आत जाताना एक मीटर खोली) किंवा त्याहून सपाट असावा. ओढा आत येतो तिथे माती अडवणारा खड्डा घ्यावा आणि तो दरवर्षी उपसावा. हा एक खड्डा मुख्य तळ्याचा गाळ कित्येक वर्षे पुढे ढकलतो.

गाळ काढल्यावर पहिल्या वर्षी मत्स्यबीज सोडू नये. कटला आणि टिलापिया पाणपिसवा खातात, सायप्रिनस कोवळी मुळे उपटतो, आणि वनस्पती रुजण्याआधीच पाणी पुन्हा हिरवे होते. केंदाळाचे बी मात्र गाळात पंधरा वर्षांहून अधिक जिवंत राहते. म्हणून साफ झालेल्या तळ्यालाही दरवर्षी जूनअखेर आणि पुन्हा गणपतीच्या आधी काठाने पूर्ण फेरी मारून बोटभर रोपे हातानेच, मुळासकट उचलावी लागतात.