माशाच्या मेंदूतला स्राव आणि एन्झाइमची साक्ष : पार्श्वभूमी

चेतापेशी ग्रंथीसारखी स्रवते, ही कल्पना रुजली ती माशांवरूनच. स्पायडेल यांनी १९१९ मध्ये स्केट या समुद्री माशाच्या मज्जारज्जूत, शेपटीकडच्या टोकाला, ग्रंथीसारख्या मोठ्या पेशी दाखवल्या. १९२८ मध्ये अर्न्स्ट शारर यांनी गोड्या पाण्यातल्या मिनो माशाच्या प्रीऑप्टिक केंद्रकात, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींच्या एका पुंजक्यात, तेच पाहिले. त्यावर बरीच वर्षे कुणी विश्वास ठेवला नाही; ते कण मरणाऱ्या पेशींचे असावेत, असा आक्षेप होता. १९४९ मध्ये बार्गमन यांनी गोमोरींचे क्रोम हिमॅटॉक्सिलिन हे रंगद्रव्य वापरून हा स्राव थेट पीयूषिकेपर्यंत जाताना दाखवला, तेव्हा शंका मिटली.

पण या रंगाने दिसणारे निळे-काळे कण फक्त स्रावाचा साठा दाखवतात. सांगलीजवळच्या हरिपूरचे जमिनीखालचे पेव हळदीने भरलेले दिसले, तर पीक जोरात आले की उठाव नाही, हे नुसते पाहून कळत नाही, तसेच हे. म्हणून एन्झाइमकडे वळणे भाग पडले. गोमोरी आणि ताकामात्सू यांनी १९३९ मध्येच, स्वतंत्रपणे, अल्कली फॉस्फटेज हे फॉस्फेट सुटे करणारे एन्झाइम छेदात दाखवण्याची पद्धत दिली होती, पुढे शिशाच्या क्षारावर आधारलेली आम्ल फॉस्फटेजची आली. आम्ल फॉस्फटेज ही लायसोसोमची, म्हणजे पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशव्यांची, खूण. ते वाढले म्हणजे स्राव वाढला, हा निष्कर्ष घाईचा आहे. नको असलेले जुने कण पेशी मोडीत काढत असेल, तरीही ते वाढते.

अडचण फिक्सेशनची, म्हणजे ऊती आहे तशी टिकवण्याची. कणांसाठी बुआँचा द्राव उत्तम, पण त्यातल्या आम्लाने एन्झाइम मरते. एन्झाइमसाठी ४ अंशांवरचे थंड कॅल्शियम-फॉर्मॉल लागते. ६० अंशांच्या मेणात बहुतेक आम्ल फॉस्फटेज जाते, म्हणून गोठवलेले छेद बरे. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि लेड नायट्रेटच्या द्रावात, पीएच ५, ३७ अंशांवर छेद ठेवायचे. मग अमोनियम सल्फाइडने तपकिरी-काळा रंग उमटतो. वेळ जास्त झाला की पेशीचे केंद्रकही काळे पडते, ते खोटे. शेजारी, एन्झाइम थांबवणारे सोडियम फ्लोराइड घातलेला छेद हवाच. तिथेही रंग आला, तर निकाल टाकून द्यावा.

कृष्णाकाठी यासाठी मांगूर सोयीचा. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून ओल्या पोत्यातून साताऱ्या-सांगलीच्या प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोचतो. बाजारातला मेलेला मासा चालत नाही. मेंदू लगेच कुजू लागतो. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर त्यात मिसळलेला नाही ना, हे आधी पाहावे. मांगुराची वीण पावसाळ्यातली, त्यामुळे मे आणि जुलैचे नमुने ताडून पाहण्याचा मोह होतो. दोन्ही छेद एकाच द्रावात, एकाच वेळी बुडवले नसतील, तर दिसणारा फरक ऋतूचा की द्रावाचा, हे सांगता येत नाही.