एच-४ ईएडी रिन्यूअल

एच-४ ईएडी म्हणजे अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या, एच-४ व्हिसावर सोबत राहणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला मिळणारं वर्क परमिट. कार्डावर कॅटेगरी सी-२६ असते. ते एकदा हातात आलं की कुठल्याही कंपनीत नोकरी करता येते, स्वतःचा धंदा काढता येतो, स्पॉन्सर लागत नाही. पण जीव टांगणीला लागतो तो रिन्यूअलला, कारण या कार्डाची मुदत तुमच्या नोकरीवर ठरतच नाही, जोडीदाराच्या स्टेटसवर ठरते.

२६ मे २०१५ च्या आधी एच-४ वर आलेल्यांना कामच करता येत नव्हतं. त्या दिवसापासून लागू झालेल्या नियमाने परवानगी दिली, तीही सगळ्यांना नाही. जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे त्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर झालेला हवा किंवा ग्रीन कार्डची प्रोसेस चालू असल्यामुळे त्याला सहा वर्षांच्या पुढे एच-१बी मिळालेला हवा. ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही आणि म्हणूनच हे कार्ड मुख्यतः भारतीयांचं झालं. डिसेंबर २०१७ पर्यंतच्या सरकारी आकड्यांत नवे आणि रिन्यूअल धरून सुमारे १ लाख २७ हजार अर्ज मंजूर झाले होते, त्यात ९३ टक्के लोक भारतात जन्मलेले आणि ९३ टक्के बायका. पुण्या-मुंबईत इंजिनीअरिंग करून, चांगली नोकरी सोडून, लग्नानंतर न्यू जर्सीला नाहीतर कॅलिफोर्नियाला गेलेल्या कितीतरी मराठी मुली यात आल्या. त्यांच्यासाठी हे कार्ड म्हणजे पुन्हा स्वतःचं करिअर.

रिन्यूअलची साखळी तीन कड्यांची आहे. आधी नवऱ्याची कंपनी त्याच्या एच-१बी एक्स्टेन्शनचा आय-१२९ भरते, त्याच्या जोरावर बायको एच-४ वाढवायला आय-५३९ भरते आणि तिसरा ईएडीचा आय-७६५. तिन्ही एकत्र पाठवता येतात, पण निकाल क्रमानेच लागतो, म्हणजे एच-४ मंजूर झाल्याशिवाय ईएडी मंजूर होत नाही. आता वेळेचं गणित बघा. हे सगळं मुदत संपायच्या जास्तीत जास्त सहा महिने आधीच भरता येतं. नवऱ्याच्या अर्जाला प्रीमियम प्रोसेसिंग आहे, जादा पैसे भरले की कामाच्या १५ दिवसांत उत्तर येतं, बायकोच्या दोन अर्जांना ती सोयच नाही आणि त्यांना महिनोन् महिने लागू शकतात. त्यात कंपनीच्या वकिलाने आय-१२९ भरायला दोन महिने लावले तर ते दोन महिने सरळ बायकोच्या वाट्यातून जातात, तिची स्वतःची काही चूक नसताना. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टात झालेल्या तडजोडीमुळे तिन्ही अर्ज एकत्र आले तर एकत्रच निकाली काढायचं बंधन इमिग्रेशन खात्यावर आलं होतं आणि खूप घरांना दिलासा मिळाला होता, पण ते दोनच वर्षांचं होतं, जानेवारी २०२५ मध्ये संपलं.

जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवसापासून काम बंद. कंपनीला ठेवायचं असलं तरी बिनपगारी रजाच द्यावी लागते, आणि सगळ्याच कंपन्या थांबत नाहीत. यावर ऑटोमॅटिक एक्स्टेन्शन हा उपाय होता, म्हणजे रिन्यूअल वेळेत भरलं की जुनं कार्ड आपोआप पुढे चालायचं, आधी १८० दिवस, मग ५४० दिवस. एच-४ वाल्यांना मात्र तो आय-९४ च्या (अमेरिकेत राहायची मुदत लिहिलेल्या नोंदीच्या) तारखेपर्यंतच चालायचा, आणि कार्ड व आय-९४ बहुतेक वेळा एकाच दिवशी संपतात, त्यामुळे नवा आय-९४ आधीच हातात असेल त्यालाच उपयोग. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्यूअलना तर ही सोयच उरली नाही.

म्हणून काही जण वेगळा रस्ता धरतात. नवऱ्याचं एक्स्टेन्शन मंजूर झालं की बायको देशाबाहेर जाऊन परत येते, गरज असेल तर मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसाचं स्टॅम्पिंग करून, आणि एअरपोर्टवरच नव्या तारखेचा आय-९४ मिळवते. मग आय-५३९ ची गरज उरत नाही, फक्त आय-७६५ भरायचा. इथे पासपोर्ट नक्की तपासा, तो लवकर संपत असेल तर आय-९४ सुद्धा त्याच तारखेला तोडून देतात आणि ईएडीही तेवढंच मिळतं.

नवऱ्याने नोकरी बदलली तर लगेच घाबरायचं कारण नाही. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी पात्रता टिकते. घटस्फोट झाला किंवा त्याचा एच-१बी गेला तर मात्र एच-४ चा आधारच जातो. एल-२ वाल्यांचं, म्हणजे कंपनीने बदलीवर अमेरिकेत पाठवलेल्यांच्या बायको-नवऱ्यांचं, बरं आहे, नोव्हेंबर २०२१ पासून त्यांच्या स्टेटसमध्येच कामाची परवानगी आहे, वेगळं कार्ड लागत नाही.

२०१५ च्या नियमाविरुद्ध सेव्ह जॉब्ज यूएसए ही संघटना त्याच वर्षी कोर्टात गेली होती. खालच्या कोर्टाने मार्च २०२३ मध्ये आणि अपील कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कायम ठेवला, ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केस ऐकायला नकार दिला.

प्रायॉरिटी डेट करंट होऊन, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागून, घरच्यांचे आय-४८५ (ग्रीन कार्डचे शेवटचे अर्ज) भरले गेले की बायकोला स्वतःच्या अर्जावर सी-०९ चं ईएडी मागता येतं, आणि त्या कार्डाची तारीख एच-४ च्या तारखेला बांधलेली नसते.