पॉइंट पाच की पॉइंट सात? शाळेची पेन पेन्सिल घेताना

जूनमध्ये नवी पेठेत वह्या-पुस्तकांच्या गर्दीत उभं राहून "एक पेन पेन्सिल द्या" म्हटलं, की काउंटरवरून लगेच प्रश्न येतो, "पॉइंट फाइव्ह का पॉइंट सेव्हन?" मागे दहा जण उभे असतात. मग आपण कुठलं तरी एक सांगून मोकळे होतो. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं. दोन्ही पेन्सिली दिसायला सारख्या, किंमतही जवळपास तीच. मुलगी पाचवीत गेली होती आणि लाकडी पेन्सिल सोडून पहिल्यांदाच अशी पेन्सिल धरणार होती. बारीक टोकाने अक्षर सुबक येईल असं समजून मी पॉइंट पाच उचलली.

आठवड्यात शिशाच्या दोन डब्या संपल्या. रविवारी दप्तर झाडलं तर खाली काळ्या तुकड्यांचा सडा. "जपून लिहायला काय होतं गं तुला?" म्हणून मी तिला चांगलीच रागावले. चूक तिची नव्हतीच, ती मी दुकानात केली होती.

हा आकडा म्हणजे शिशाची जाडी, मिलिमीटरमध्ये. ०.५ म्हणजे अर्धा मिलिमीटर, ०.७ त्याहून जाड. साधी गोष्ट आहे, पण आमच्या सोलापुरात इथेही गडबड होते. माझ्या सासऱ्यांची हयात चादरीच्या मागावर गेली. ते ठामपणे म्हणाले, "सातचं म्हणजे बारीक असणार." त्यांचं बरोबरच होतं, फक्त ते सुताचं बोलत होते. सुताच्या काउंटमध्ये आकडा वाढला की सूत बारीक होतं. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात, त्यावर तो काउंट ठरतो. म्हणून ४० चं सूत २० च्या सुतापेक्षा तलम. पेन्सिलीत हिशोब उलटा, आकडा मोठा तर शिसं जाड.

०.२ मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतही नाही. मोडण्याच्या बाबतीत मात्र तो फार मोठा आहे. गोल कांडी वाकवून मोडायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सातचा घन ३४३, पाचचा १२५. म्हणजे एकाच प्रतीचं शिसं तेवढंच बाहेर काढलं, तर पॉइंट सात मोडायला जवळजवळ पावणेतीन पट जोर लागतो. लाकडी पेन्सिल दाबून लिहायची सवय लागलेल्या नऊ-दहा वर्षांच्या बोटांपुढे पॉइंट पाच टिकणार कसं?

मुलं मोडण्यात आणखी भर घालतात. खटखट चार-पाच वेळा दाबून शिसं लांबलचक बाहेर काढतात आणि तसंच लिहायला बसतात. शिसं दुप्पट बाहेर काढलं की निम्म्या जोराने मोडतं. मी लेकीचा हात जवळून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की प्रत्येक वेळी ते अगदी नळीच्या कडेलाच तुटत होतं. "दोनदाच खटका दे आणि लिही" एवढं सांगितल्यावर निम्मी मोडतोड थांबली. उरलेली थांबली ती पेन्सिल बदलल्यावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लाकडी पेन्सिलीवरून नुकतंच आलेलं मूल असेल, किंवा दाबून लिहिणारं असेल, तर डोळे झाकून पॉइंट सात घ्या. अक्षर बिघडत नाही. उलट शिसं तुटायची भीती गेली की हात मोकळा चालतो.

पॉइंट पाचची खरी जागा भूमितीत आहे. आलेखाच्या कागदावर एक मिलिमीटरची चौकट असते, त्यात पॉइंट सातची रेघ दोन तृतीयांश जागा खाते आणि बिंदू नेमका कुठे घेतला तेच कळत नाही. कोन, लंब, स्पर्शिका काढताना बारीक रेघच हवी. तिथे टोकाला सरळ, बारीक धातूची नळी असलेली पेन्सिल बघा, ती पट्टीला नीट चिकटून चालते. शंकूसारखं टोक पट्टीपासून रेघ थोडी लांब पाडतं. नळीचा तोटा एवढाच की पेन्सिल टोकावर पडली तर ती वाकते.

डबीवरची एचबी, टू बी ही अक्षरं वेगळीच. ती जाडी सांगत नाहीत. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळं आणि मऊ, एचबी मधलं. हात जड असेल तर एचबी, अक्षर फिकट उमटत असेल तर पॉइंट सातमध्ये टू बी. पॉइंट पाचमध्ये टू बी मुलांना देऊ नये, बारीक आणि वर मऊ म्हणजे मोडायला निमंत्रणच. आणि शिसं म्हणतो म्हणून घाबरू नका, त्यात शिसं हा धातू नसतो. ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन.

डबी घेताना आकडा वाचाच. घाईत मी एकदा पॉइंट सातच्या पेन्सिलीला पॉइंट पाचचं शिसं आणलं. पेन्सिल उभी धरली की ते सुळकन बाहेर! उलट केलं तर जाड शिसं आत शिरतच नाही, आणि जबरदस्ती केली तर नळी तुंबते.

दुकानातच एक तपासणी करा. शिसं जरासं बाहेर काढून पेन्सिल कागदावर उभी दाबा. शिसं आत सरकलं तर आतला चिमटा ढिला आहे, दुसरी मागा. घरी मात्र नवी पेन्सिल असं वागली तर आधी शिसं किती उरलंय ते बघा. शेवटचा सेंटीमीटरभर तुकडा चिमट्यात बसत नाही, तो काढून टाकायचा. पेन्सिल बिघडली म्हणून लेकीने एक चांगली पेन्सिल टाकूनच दिली होती.

आता तिच्या पाऊचमध्ये दोन्ही असतात. भूमितीच्या पेन्सिलीला आजोबांनी मागावरच्या लाल सुताचे चार वेढे गुंडाळून दिलेत. एकदा वर्गात मैत्रिणीने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं म्हणे, "लाल दोरा म्हणजे पाच. ही फक्त रेघांना."