धोकादायक सोबती (टेबलटॉप भूमिकाखेळ)

धोकादायक सोबती : टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र होऊन खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत खेळाडूंच्या पार्टीबरोबर (त्यांच्या पात्रांच्या चमूबरोबर) हिंडणारे, तिच्या बाजूने लढणारे, पण जिच्याबरोबर आहे त्या पार्टीलाच ज्याच्यापासून अपाय संभवतो असे पात्र. ते कोणा खेळाडूच्या हाती नसते. त्याचे बोलणे, त्याचा हेतू आणि ऐन वेळी तो कोणत्या बाजूला वळेल हे खेळ चालवणारा, म्हणजे गेम मास्टर किंवा डीएम (डंजन मास्टर) ठरवतो. भाडोत्री शिपाई, कोठडीतून सोडवलेला कैदी, शत्रूच्या गोटातून फुटून आलेली जादूगारीण, शापित तलवार कमरेला बांधलेला सरदार हे सगळे याच जातकुळीचे. मराठीतला ‘अस्तनीतला निखारा’ त्याला लागू पडतो, मात्र इथे तो निखारा आहे हे पुष्कळदा ठाऊक असते आणि तरीही अंधारात वाट दिसावी म्हणून जवळ ठेवलेला असतो.

ही कल्पना या खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला तेव्हाच त्यात पगारी साथीदार गृहीत धरलेले होते. पात्राच्या करिष्मा या गुणावरून, म्हणजे लोकांवर छाप पाडण्याच्या आकड्यात मोजलेल्या ताकदीवरून, त्याच्याकडे किती माणसे राहतील आणि ती किती निष्ठावान असतील हे ठरे. 1981 च्या बेसिक आवृत्तीत हा हिशेब फार सुटसुटीत झाला. करिष्मा 9 ते 12 असेल तर जास्तीत जास्त चार साथीदार आणि त्यांचे मनोधैर्य 7. करिष्मा 18 असेल तर सात साथीदार आणि मनोधैर्य 10. मोहीम संपली की दोन सहापैलू फासे टाकायचे. बेरीज मनोधैर्यापेक्षा जास्त आली तर तो माणूस पुन्हा त्या मालकाबरोबर येत नाही. म्हणजे साधारण पुढाऱ्याचा साथीदार छत्तीसपैकी पंधरा वेळा हात झटकून निघून जाणार, तर करिष्मा 18 असलेल्याचा फक्त तीन वेळा. या आकड्यांवर डीएमने वागणुकीप्रमाणे फेरफार करावेत अशी मुभा होती. ज्याला सापळ्यापुढे ढकलले त्याचे मनोधैर्य उतरणारच.

पण पळून जाणारा साथीदार हा सौम्य प्रकार झाला. घात करणाऱ्याचा नमुना पाहायचा तर त्याच बेसिक संचासोबत मिळणारी गायगॅक्सची ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही डीएमने खेळवायची तयार साहसकथा उघडावी. सरहद्दीवरच्या गढीत एक हसतमुख पुजारी उतरलेला असतो. विद्वानांशी धर्मचर्चा करावी म्हणून थांबलो आहे, असे तो सांगतो. नवख्या पार्टीत जखमा भरून काढणारा कोणी नसला की खेळाडू आनंदाने त्याला आणि त्याच्या दोन शिष्यांना बरोबर घेतात. प्रत्यक्षात तिघेही दुष्टपक्षाचे हेर असतात आणि गढीजवळच्या राक्षसांच्या गुहांमध्ये एखाद्या निर्णायक चकमकीच्या ऐन मध्यावर उलटतात. हे वाचून डीएमने खेळाडूंवर अन्याय केला असे वाटेल. पण गढीतल्या देवळाच्या नोंदीत एक बारीकशी ओळ आहे. तिथल्या क्युरेटला, म्हणजे मुख्य धर्मगुरूला, हा पाहुणा खटकतो आणि एखाद्या स्नेह्याने खोदून विचारले तर निम्म्या वेळा तो आपला संशय बोलून दाखवतो. मला ही ओळ पुजाऱ्याच्या साऱ्या मंत्रांपेक्षा मोलाची वाटते. घात होणारच आहे, पण तो आधी कळण्याची वाट खुली ठेवलेली आहे, आणि ती वाट गावात मैत्री जोडण्यातून जाते.

या विषयाचा सारा गाभा तिथेच आहे. टेबलावर खेळाडूंना जे दिसते, ऐकू येते, ते डीएमच्या तोंडून येते. खोलीत धूर आहे की नाही, दरवाजा आतून बंद आहे की बाहेरून, हे तोच सांगतो, आणि फितूर साथीदाराच्या तोंडूनही तोच बोलतो. खऱ्या आयुष्यात आपण माणसाची नजर, त्याचा थबकलेला हात, खोटे सांगताना बदललेला सूर टिपतो. टेबलावर यातले काहीही डीएमने उच्चारल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. म्हणून ज्या घाताची एकही खूण आधी मांडलेली नव्हती, तो पात्राने केलेला घात उरत नाही. डीएमने खेळाडूंना फसवले एवढेच होते. त्याचा परिणामही लांब पोचतो. एकदा असे पोळलेले खेळाडू पुढच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेत) सरायवाल्यालाही नाव सांगत नाहीत, कैद्याला सोडवत नाहीत, मदतीला आलेल्या प्रत्येकाला बांधून ठेवतात, आणि भूमिका वठवण्याचा अर्धा आनंद तिथेच संपतो. खुणा पेरताना हात सैल सोडावा. डीएमला ढळढळीत वाटणारी खूण टेबलापलीकडे अनेकदा पोचतच नाही, म्हणून एकच गोष्ट दोन-तीन वेगळ्या वाटांनी समोर आणणे बरे.

खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर तीन प्रश्नांवर बहुतेक काम होते : याला हवे काय, याच्या हाती काय आहे, आणि हा रांगेत कुठे चालतो. वर सांगितलेल्या साहसकथेतच हॉबगॉब्लिन या राक्षसी जमातीच्या कैदेतला एक ऑर्क, म्हणजे दुसऱ्या राक्षसी जमातीतला, आहे. शस्त्र दिले तर तो गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिनांवर खुशीने तुटून पडतो, कारण त्याचा द्वेष खरा आहे. पण संधी मिळताच हाती लागेल ते घेऊन तो निसटतो आणि आपल्या टोळीला सारी खबर देतो. अशा सोबत्याकडून निष्ठेची अपेक्षाच चुकीची असते. त्याचे आणि आपले हित जिथवर एक आहे तिथवर तो कामाचा, आणि पुढची फट कुठे पडणार हे आधी ओळखणे हाच त्याला सांभाळण्याचा मार्ग. त्याच्या हाती भाला द्यावा, धनुष्य देऊ नये. मशाल मात्र दुसऱ्याकडे असावी.

याहून अवघड प्रसंग त्याच गुहांतल्या मंदिराच्या कोठडीत आहे. तिथे एक मेड्यूसा साखळदंडांत अडकलेली असते. तिच्या नजरेला नजर भिडली की माणूस दगड होतो. पण दगड झालेल्या सहा जणांना पुन्हा माणूस करील इतके औषध तिच्याजवळ दडवलेले असते, आणि सुटकेच्या बदल्यात ती ते देऊ करते. सोडवले की ती सोडवणाऱ्यांनाच दगड करायला बघते. एखाद्या खेळाडूचे पात्र आधीच दगड होऊन मागच्या दालनात उभे असेल तर टेबलावरची शांतता बघण्यासारखी असते. जाणती पार्टी इथे क्रम ठरवते. आधी डोक्यावर पोते, तेही आरशात बघत मागून जाऊन, कारण केसांच्या जागी वळवळणारे सापही विषारी असतात. मग औषधाची कुपी. मग त्यातला एक घोट मागच्या दालनातल्या दगडावर टाकून खात्री. साखळीचा प्रश्न सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला डीएमने ‘नक्की असेच करता?’ असे विचारून थांबणे योग्य, कारण धोका पत्करायचा की नाही हा निर्णय खेळाडूंचा राहायला हवा.

मंत्रांचा उपयोग होतो, पण वाटतो तेवढा नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतल्या ‘झोन ऑफ ट्रुथ’ या मंत्राच्या पंधरा फूट त्रिज्येत, मंत्राचा प्रतिकार करण्याचा फासा ज्याचा फसतो त्याला, दहा मिनिटे जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. मात्र त्या कक्षेतल्याला मंत्राची जाणीव असते आणि तो उत्तर टाळू शकतो. म्हणून ‘तू आमचा मित्र आहेस का?’ यापेक्षा ‘आज रात्री पहारा तुझ्याकडे दिला तर तू कोणाला आत घेशील?’ हा प्रश्न जास्त देऊन जातो. टाळाटाळ हीसुद्धा माहितीच असते.

डीएमच्या सोयीसाठी त्याच आवृत्तीच्या 2014 च्या मार्गदर्शकात निष्ठेचा ऐच्छिक नियम आहे. पार्टीतल्या सर्वाधिक करिष्म्याइतकी निष्ठेची कमाल मर्यादा, आणि सुरुवात त्याच्या निम्म्यावर. साथीदाराच्या मनातले एखादे काम पार्टीने तडीस नेले तर निष्ठा चारपैलू फाशाइतकी वाढते, त्याच्या तत्त्वांविरुद्ध वागले तर तितकीच घटते, आणि केवळ स्वार्थासाठी त्याला फसवले किंवा संकटात लोटले तर दोन फाशांइतकी. शून्यावर आली की तो सोडून जातो किंवा आतून पोखरू लागतो. हा आकडा खेळाडूंना सांगायचा नसतो, साथीदाराचे फासे लढाईत त्यांच्यातलाच कोणी टाकत असला तरीही. ही वाटणी मला फार आवडते. लढाईतले फासे खेळाडूला दिल्याने डीएमवर आपल्याच दोन पात्रांना एकमेकांशी झुंजवत बसण्याची पाळी येत नाही, आणि हेतू मात्र त्याच्याकडेच राहतो. शिवाय निष्ठा पार्टीच्या वागण्यावर हलत असल्याने घात झालाच तर त्यात खेळाडूंचाही वाटा असतो.

डीएमचे लाडके पात्र हा दुखरा भाग वेगळा. सोबती पार्टीहून बलवान असेल, प्रत्येक कोडे तोच सोडवत असेल आणि त्याला हटवायचे प्रत्येक प्रयत्न फसत असतील, तर त्याच्यावर खेळाच्या आत उपाय नाही. सेशन (खेळाची बैठक) थांबवून, पात्रांची नावे बाजूला ठेवून, माणसांनी माणसांशी बोलावे लागते. कॅम्पेनपूर्वीच्या ओळखीच्या बैठकीत, ज्याला खेळाडू ‘सेशन झीरो’ म्हणतात, सोबत्याकडून होणारा विश्वासघात चालेल का, हा प्रश्न विचारून घेतला तर ही वेळ सहसा येत नाही. काहींना तो थरार हवा असतो, काहींना घरचे ताजे अनुभव पुरेसे असतात.

सोबती निघून गेला तरी त्याच्याकडे पार्टीची माहिती उरते. पहारा कोण कधी देतो, जखमी कोण आहे, कुपी कोणाच्या झोळीत आहे हे त्याने पाहिलेले असते. ऑर्क पळाला त्या रात्री मुक्कामाची जागा आणि पहाऱ्याचा क्रम दोन्ही बदलावे लागतात, आणि डीएमनेही त्या ऑर्कला जेवढे खरोखर दिसले होते तेवढेच त्याच्या टोळीला कळू द्यायचे असते.