भुसा बघा, साखळीची तब्येत कळेल

चेनसॉ, म्हणजे दातेरी साखळीने कापणारी यांत्रिक करवत, नीट कापतो आहे का, हे त्याच्या आवाजापेक्षा खाली पडणारा भुसा लवकर सांगतो. धारदार साखळी लाकडाचे जाडसर, लांबट ढलपे काढते. धार गेली की पिठासारखी पूड पडू लागते, कापातून धूर येतो आणि एरवी स्वतःच्या वजनाने आत उतरणारी करवत हाताने रेटावी लागते. अशा वेळी बहुतेक जण जास्त ताकदीचे मशीन हवे म्हणतात. खरे तर पाच मिनिटे कानस फिरवली तर काम भागते.

साखळीचा दात नीट पाहिला तर तो करवतीच्या दातापेक्षा सुताराच्या रंध्याला जवळचा वाटतो. मागे आडवे, धारदार पाते आणि पुढे एक छोटा उंचवटा. या उंचवट्याला डेप्थ गेज म्हणतात. रंध्याचा तळ पात्याला जेवढे खोल जाऊ देतो तेवढाच कीस निघतो, तसाच हा उंचवटा दाताचा घास ठरवतो. दात एक डावा, एक उजवा असे आळीपाळीने बसवलेले असतात. ही रचना 1946 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधील लाकूडतोड्या जो कॉक्स याला सुचली, तीही लाकूड पोखरणाऱ्या एका अळीकडे पाहून. अळीचे दोन वाकडे जबडे डावीउजवीकडे चालत होते आणि लाकडाच्या रेषांची त्यांना पर्वा नव्हती. त्याआधीच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे खरवडत, आणि त्यांना धार लावण्यात बराच वेळ जाई.

थोडा हिशोब करू. 3/8 इंच पिचची (पिच म्हणजे सलग तीन रिव्हेट्समधल्या अंतराचे निम्मे), 60 ड्राइव्ह लिंकची (चाकात अडकणाऱ्या 60 कड्यांची) साखळी सुमारे 1.14 मीटर लांब असते. सात दात्यांचा स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) मिनिटाला 10,000 फेरे घेत असेल, तर साखळी सेकंदाला 22 मीटर वेगाने पळते. म्हणजे सेकंदाला 19 प्रदक्षिणा, आणि 30 दात धरले तर 580 च्या आसपास घास. दर घासात दात लाकूड कापण्याऐवजी नुसते घासत असतील, तर इंजिनाची ताकद उष्णतेत जाते आणि ती उष्णता साखळी व बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) दोघांनाही खाते.

धार लावताना बार शिकंजात घट्ट धरावा. गोल कानशीचा व्यास साखळीच्या मापाचाच हवा: 3/8 लो प्रोफाइलला (कमी उंचीच्या दातांच्या साखळीला) 4.0 मिमी, 0.325 इंचाला 4.8 मिमी, पूर्ण 3/8 ला बहुधा 5.2 किंवा 5.5 मिमी. कानशीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वर राहावा. ती फार खाली बसली तर धार आकड्यासारखी आत वळते. अशी धार सुरुवातीला झकास कापते आणि लगेच बोथटते. फार वर राहिली तर धार मागे कलते आणि लाकूड धरतच नाही. कोन साधारण 30 अंश. बऱ्याच साखळ्यांवर दाताच्या माथ्यावर त्यासाठी तिरकी रेघ कोरलेली असते. कानस फक्त पुढे जाताना दाबायची, परत आणताना उचलायची. सर्वांत खराब दात आधी घासावा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणावेत. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वाकडा जातो आणि बार त्यात अडकतो. दोष मात्र बिचाऱ्या बारवर येतो.

कानस नेहमी दाताच्या आतून बाहेर चालवतात, त्याला कारण आहे. दाताच्या बाहेरच्या पृष्ठावर क्रोमचा अगदी पातळ, पण पोलादापेक्षा कठीण थर असतो. खरी धार त्या थराचीच. आतले पोलाद त्याला नुसता आधार देते. बाहेरून आत घासले तर हा थर टवके उडून निघतो. साखळी मातीला किंवा खिळ्याला लागली की क्रोम उडतो आणि टोकाला चकाकणारी बारीक रेघ दिसू लागते. ती रेघ पूर्ण नाहीशी होईपर्यंत दात मागे घासावा लागतो. वरवर दोन हात मारून समाधान मानले, तर दुसऱ्याच फांदीला पुन्हा पूड पडेल.

दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे दात जसजसा घासला जातो तसतशी धार खाली जाते. डेप्थ गेज मात्र तेवढाच उंच राहतो आणि घास लहान होत जातो. म्हणून दर तीन-चार धारेनंतर मापपट्टी ठेवून तो चपट्या कानशीने उतरवावा आणि पुढची कड पुन्हा गोल करावी. धार आणि डेप्थ गेज यांच्या उंचीतले नेहमीचे अंतर 0.65 मिमी. इथे उदारपणा महागात पडतो. अंतर वाढले की दात लाकडात रुततो, मशीन झटके देते, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागलाच तर करवत चालवणाऱ्याच्या अंगावर उसळते.

साखळी विकत घेताना पिच, ड्राइव्ह लिंकची जाडी आणि लिंकची संख्या, तिन्ही जुळायला हवीत. छाप पुसली असेल तर सलग तीन रिव्हेट्सच्या केंद्रांमधले अंतर मोजून निम्मे करा: 9.5 मिमी म्हणजे 3/8, 8.25 मिमी म्हणजे 0.325. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल दात स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने जातो, पण धूळ लागलेल्या सालीत लवकर बोथटतो. रोजच्या छाटणीला गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझलच बरा.

ताण जमवताना बारचे टोक वर उचलून धरावे. साखळी खालून बारला चिकटलेली असावी, तरी हातमोजा घालून हाताने सहज फिरावी. साखळी 60 अंशांनी तापली तर तिची लांबी जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढते. पण भूमितीची गंमत अशी की तेवढ्यानेही खालच्या बाजूला सेंटीमीटरभर झोळ पडू शकतो. तो पाहून गरम साखळी आवळावी लागते, ते ठीकच आहे. मात्र काम संपल्यावर ती सैल करायला विसरू नये. थंड होताना ती आकसते आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) व बेअरिंगवर ताण देत राहते.

बार दर धारेला उलटा करावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाचेतला भुसा काढावा, तेलाचे भोक मोकळे ठेवावे, कडांवर आलेली बूर (धातूची बाहेर आलेली बारीक किनार) चपट्या कानशीने उडवावी. तेल पोहोचते का हे पाहायला बारचे टोक पांढऱ्या कागदापासून वीतभर दूर धरून मशीन पळवा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. जुने इंजिन ऑइल इथे चालत नाही: त्यात धातूचे कण असतात आणि चिकटपणा नसल्याने ते टोकाला फेकले जाते. स्प्रॉकेटवर अर्धा मिलिमीटर खोल खळगे पडले की तो बदलावा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली, तर ती थोड्याच दिवसांत त्याच्याच बेढब मापाची होते.